पाहुणतास

बुधवारी तिसरा तास सुरू झाला की खडकपूरच्या नगरपालिका शाळा क्रमांक नऊमध्ये सामसूम होई. तिसरीची एकतीस मुलं डोक्याला करड्या पट्ट्या बांधून, डोळे मिटून वीस मिनिटं बसत. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, वर्गाला शिक्षा झाली आहे. प्रत्यक्षात त्या वेळात प्रत्येक मुलाच्या मनात दुसऱ्याच कुणाची तरी श्रद्धा येऊन बसलेली असे. सरकारी परिपत्रकात या विषयाला लांबलचक नाव होतं. मुलं त्याला पाहुणतास म्हणत.

त्याआधीही शाळेत सगळे धर्म शिकवले जात होते. पुस्तकात सणांची चित्रं होती, प्रार्थनास्थळांची नावं होती, आणि जोड्या जुळवायला तीन गुण होते. खडकपूर हे यंत्रमागांचं गाव. तिथली मुलं सकाळी पैकीच्या पैकी गुण मिळवत आणि दुपारी पलीकडच्या गल्लीवर दगड फेकत. दर चार-पाच वर्षांनी मोठी माणसंही तेच करत, फक्त त्यांच्या हातात दगडांपेक्षा वाईट गोष्टी असत.

मग डॉ. समृद्धी उबाळे यांचं संशोधन आलं. माणूस मनापासून प्रार्थना करतो तेव्हा त्याच्या मेंदूत विद्युतस्पंदांची एक ठरावीक वीण उमटते. ती टिपता येते आणि दुसऱ्या मेंदूत अलगद जागी करता येते. या टिपणाला त्यांनी 'भावलेख' म्हटलं. अट एकच होती. ज्याचा भावलेख आणि ज्याला तो द्यायचा, त्या दोन मेंदूंची आधी जुळणी करावी लागे. तिला वर्ष लागे, आणि ती सहा ते दहा या वयातच होई. त्यानंतर मेंदू घट्ट होतो. मोठ्या माणसाला पट्टी बांधली तर त्याला नुसती खरखर जाणवे.

पहिल्या पालकसभेत रावीच्या आईनं, कालिंदीनं, उभं राहून विचारलं होतं, "मॅडम, म्हणजे माझी पोरगी मुसलमान होणार का?"

"तुम्ही शेजारणीकडे जेवून आलात तर शेजारीण होता का?" डॉ. उबाळेंनी विचारलं.

"नाही."

"पण तिच्या हाताची चव कळते. तेवढंच."

कालिंदी खाली बसली. ती मागावर बारा तास उभी राहणारी बाई होती. चवीचं तिला पटलं.

खडकपूरच्या सहा जणांनी आपले भावलेख दिले. रोज सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, बसणाऱ्या एक जैन आजी होत्या, त्रिशरण म्हणणारे एक बौद्ध उपासक होते, चर्चमधले साबळे गुरुजी होते, एक कीर्तनकार होते. काहीच न मानणारे एक निवृत्त भूगोल शिक्षक होते. ते हातात लाखो वर्षांपूर्वीचा शिंपला धरून बसत आणि त्या काळाच्या विचारानं त्यांचं मन भरून येई, ते टिपलं जाई. आणि अमीनाबी होत्या. बावीस वर्षं मागासाठी सुताच्या कांड्या भरून बोटांची कातडी गुळगुळीत झालेल्या. त्या तसबीहचे मणी फिरवत बसत, शेवटी दुआ मागून दोन्ही हात तोंडावरून फिरवत. मुलं त्यांना नानी म्हणत.

वर्गशिक्षिका ओवी तांबट. वय एक्केचाळीस, एकटी राहणारी, आवाज खणखणीत. पाहुणतास संपला की त्या मुलांना विचारत, "काय वाटलं?" पहिल्याच महिन्यात रावीनं सांगितलं होतं, "बाई, नानी आल्या की आत सारवल्यासारखं वाटतं." पुढे सहाही जणांच्या फेऱ्या झाल्यावर ती म्हणाली, "सगळे एकाच खोलीत येऊन बसतात बाई. दारं तेवढी वेगळी."

डॉ. उबाळेंनी ते वाक्य आपल्या अहवालात घातलं. प्रार्थना कोणतीही असो, मुलांच्या मेंदूत तिची जागा एकच होत होती. हेच तर साधायचं होतं.

*

गावात बोलणं सुरू झालं ते दिवाळीनंतर. एका मुलानं जेवताना भलत्याच देवाचं नाव घेतलं. एका मुलीनं घरच्या देवाला हात जोडले नाहीत. कुणाचा तरी नातू अजान ऐकून रडला, कुणाचा अभंग ऐकून. प्रत्येक गल्लीची आपली अफवा होती, आणि प्रत्येक अफवेचा शेवट सारखाच होता: मुलं बाटवतायत. माघात मार्केटच्या मैदानावर सभा झाली. त्या सभेला गावातले सगळे धर्म होते. खडकपूरच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडत होतं. माणसं एकमेकांना पाणी देत होती.

सोमवारी सकाळी अकरा वाजता ते शाळेवर आले. दोनशेच्या वर होते. सगळ्यांनी तोंडाला फडकी बांधली होती.

ओवीबाईंनी वर्गाला आतून कडी लावली आणि मुलांना बाकांखाली घातलं. बाहेरच्यांनी मागाचा लोखंडी बीम आणला होता. चौघांनी धरून तो दारावर घातला. तिसऱ्या धडकेला फळी फुटली, पाचव्या धडकेला दार आत पडलं. दाराजवळच्या बाकाखाली असलेल्या मुलाचा पाय त्याखाली चिरडला. त्याची किंकाळी ऐकून बाकीची मुलं ओरडू लागली. जमावातल्या एकानं डबा उलटा केला. रॉकेल फरशीवरून वाहत बाकांखाली गेलं, मुलांच्या गुडघ्यांना लागलं.

"यंत्र कुठंय?" पुढच्यानं विचारलं. त्याच्या हातात पेटता बोळा होता. "बोल, नाहीतर इथंच टाकतो."

यंत्र मागच्या बाजूला, जिन्याखालच्या खोलीत होतं. त्या खोलीत तेव्हा अमीनाबी बसल्या होत्या, डोक्यावर टिपणीची टोपी घालून, नवा भावलेख देत. ओवीबाईंनीच त्यांना पाऊण तासापूर्वी आत नेऊन बसवलं होतं. गोंगाट ऐकून त्यांनी आतून कडी लावली असणार.

"मागे," ओवीबाई म्हणाल्या. मग त्यांना वाटलं, त्यानं ऐकलं नाही. त्या ओरडल्या, "मागे! जिन्याखालची खोली!"

तो आवाज सगळ्या शाळेभर गेला.

माणसं तिकडे वळली. ओवीबाईंनी खिडकीचे गज हातानं वाकवायचा प्रयत्न केला, मग स्टुलानं ठोकून एक गज निखळवला आणि मुलांना एकेक करून बाहेर सोडलं. चिरडलेल्या पायाच्या मुलाला त्यांनी कडेवर घेतलं. मागून दार फुटल्याचा आवाज आला. मग अमीनाबींचा आवाज आला, एकदाच. त्यानंतर फक्त लोखंडाचे आवाज येत राहिले, आणि ते बराच वेळ थांबले नाहीत.

शाळा दुपारपर्यंत जळत होती. साबळे गुरुजींचे दोन्ही हात त्याच दिवशी त्यांच्या घरात मोडले गेले. भूगोलाच्या शिक्षकांना गच्चीवरून ढकललं. ते संध्याकाळी गेले. अमीनाबींच्या अंगावर एकोणीस घाव होते. त्यातले सात डोक्यावर.

पोलिसांनी गावभर विचारलं. दोनशे माणसं रस्त्यानं गेली होती, आणि ती कुणीच पाहिली नव्हती.

*

तीन आठवड्यांनी डॉ. उबाळे ओवीबाईंच्या घरी आल्या. त्यांनी चहाला हात लावला नाही.

"टिपणी पेटी भिंतीत होती. लोखंडी. ती वाचली आहे," त्या म्हणाल्या. "आणि टोपी शेवटपर्यंत डोक्यावर होती. दार फुटण्याआधीपासूनची चौदा मिनिटं आहेत."

ओवीबाईंनी आपला कप पुन्हा बशीत ठेवला.

"मोठ्या माणसाला त्यातलं काही कळणार नाही. अमीनाबींशी जुळणी झालेली सत्तावीस मुलं आहेत. सगळ्यांत पक्की जुळणी रावीची. न्यायालयाची परवानगी मिळतेय, पण तिची आई म्हणते, बाई सांगतील तसं."

"त्या मुलीला तुम्ही खून दाखवणार?"

"दिसणार काहीच नाही. भावलेखात चित्र नसतं, शब्द नसतात. पण ओळखीच्या माणसाला पाहून मेंदूत जे हलतं, ते असतं. अमीनाबींनी ज्यांना ओळखलं, चालण्यावरून म्हणा, डोळ्यांवरून म्हणा, त्यांना पाहून रावीलाही ओळख पटेल."

"आणि आवाज?" ओवीबाईंनी विचारलं.

"आवाजाचंही तसंच. कुणाचा, आणि तो ऐकून त्यांना काय वाटलं, एवढं येईल."

ओवीबाईंनी आपले हात मांडीखाली घेतले. त्यांनी खोली दाखवली हे त्यांनी पोलिसांना सांगितलं नव्हतं, कुणालाच सांगितलं नव्हतं. एकतीस मुलं वाचली म्हणून गावानं त्यांचा सत्कार करायचं ठरवलं होतं.

"मुलीला काही होणार नाही ना?"

"पाहुणतासानंतर कधी कुणाला काही झालंय? वीस मिनिटांत सगळं ओसरतं. हे चौदाच मिनिटांचं आहे. कठीण जाईल, पण ओसरेल."

दोन दिवस ओवीबाई घराबाहेर पडल्या नाहीत. नाही म्हणायला कारण होतं, आणि ते चांगलं होतं: नऊ वर्षांच्या मुलीला असलं काही द्यायचं नसतं. पण नाही म्हटलं तर ते रावीसाठी की स्वतःसाठी, हे त्यांना आयुष्यभर कळलं नसतं. त्यांना ते सहन होईना. तिसऱ्या दिवशी त्या कालिंदीच्या खोलीवर गेल्या.

कालिंदी भाकरी थापत होती. "बाई, तुम्ही बोला. मला यातलं कळत नाही."

"करू दे," ओवीबाई म्हणाल्या.

"तुम्ही असाल ना तिथं?"

"असेन."

*

न्यायालयाच्या मागच्या खोलीत, दिवसाढवळ्या, रावीच्या डोक्याला पट्टी बांधली. पहिली तीन मिनिटं ती नेहमीसारखीच बसली होती. चेहरा शांत होता, बोटं तसबीह फिरवल्यासारखी हलत होती. मग तिची मान दाराकडे वळली. खुर्चीसकट ती मागे सरकली. दोन्ही हात डोक्यावर घेऊन तिनं अंग इतकं आवळलं की खुर्ची उलटली. ती फरशीवर पडली तरी तिचं अंग एकेका घावाला उडत राहिलं. कालिंदी धावली. डॉ. उबाळेंनी तिला धरून ठेवलं. "मधेच तोडता येत नाही," त्या ओरडत होत्या, "मधेच तोडलं तर जास्त वाईट!"

दहाव्या मिनिटाला रावी हलायची थांबली. उरलेली चार मिनिटं ती डोळे उघडे ठेवून पडून होती.

तासाभरानं ओळखपरेड झाली. तोंडाला फडकी बांधलेली चाळीस संशयित माणसं एकामागून एक तिच्यासमोरून चालत गेली. अकराव्या माणसापाशी रावीच्या घशातून जनावरासारखा आवाज निघाला. तो शिवदास लकडे होता, अमीनाबी बावीस वर्षं ज्याच्या शेडमध्ये कांड्या भरत होत्या तो मुकादम. चोविसाव्या माणसापाशी ती रडू लागली, आणि ते रडणं निराळं होतं, घरच्या माणसासाठीचं. तो रियाज होता, अमीनाबींच्या बहिणीचा मुलगा. त्यानं फक्त दार धरलं होतं, असं त्यानं नंतर कबूल केलं. लकडेनं काहीच नाकारलं नाही. फडकं काढून तो म्हणाला, "पोरीला बाहेर न्या."

"झालं, बाळा. संपलं," ओवीबाई म्हणाल्या.

रावी वळली. तिनं आवाज ओळखला होता. क्षणभर ती नुसती पाहत राहिली आणि मग तिनं उडी घेतली. तिची बोटं ओवीबाईंच्या तोंडात गेली, दात गालात रुतले. दोन शिपायांनी ओढलं तेव्हा गालाचा तुकडा तिच्या तोंडात होता. तिसऱ्या शिपायाची करंगळी तिनं मोडली. नऊ वर्षांच्या मुलीत एवढं बळ कुठून आलं, हे तिथं कुणालाच समजेना.

ओवीबाई भिंतीला टेकून बसल्या. रक्त मानेवरून पदरात उतरत होतं.

"खोली मी दाखवली होती," त्या इन्स्पेक्टरना म्हणाल्या. "अमीनाबींनी माझा आवाज ऐकला होता. लिहून घ्या."

इन्स्पेक्टरांनी पेन उचललं नाही. "मॅडम, पेटत्या बोळ्यासमोर कुणीही सांगितलं असतं. कायद्यात हा गुन्हा नाही."

*

रावीचं ओसरलं नाही.

डॉ. उबाळेंना कारण समजायला आठवडा लागला. आजवरच्या प्रत्येक भावलेखाला शेवट होता. प्रार्थना संपे, माणूस उठे, तोंडावरून हात फिरवी किंवा डोळे उघडी, आणि तीच मेंदूला खूण मिळे की आता आवरायचं. या चौदा मिनिटांना उठणं नव्हतं. रावीचा मेंदू ते उघडून बसला होता आणि त्याला बंद करता येत नव्हतं. त्यांनी अमीनाबींचे जुने भावलेख देऊन पाहिले. रावी वीस मिनिटं शांत होई, पण हात तोंडावरून फिरले की मान दाराकडे वळे. तिच्या मेंदूनं क्रम पक्का केला होता: आधी प्रार्थना, मग दार.

आणि प्रार्थना कोणतीही चाले. सगळ्यांची खोली एकच होती. रुग्णालयाशेजारच्या देवळातली घंटा ऐकली की ती पलंगाखाली शिरे. अजान झाली, वंदना झाली, नर्सनं गळ्यातला क्रूस नुसता चाचपला, तरी तिला एकोणीस घाव बसत. तिचे हात बांधून ठेवावे लागत, नाहीतर ती स्वतःचं डोकं फोडून घेई.

"दहा वर्षांची होईपर्यंत काही करता आलं तर," डॉक्टर म्हणाल्या. दहाव्याला पाच महिने होते. ते गेले.

लकडेला फाशी झाली, रियाजला जन्मठेप. भावलेखाच्या पुराव्यावर झालेली ही पहिलीच शिक्षा होती. गावोगावचे लोक खडकपूरला येऊ लागले. त्यांना शाळा पाहायची नव्हती, यंत्र पाहायचं होतं. प्रत्येकाकडे आपापले मेलेले होते. आमच्या मुलांनाही कळू दे आमच्यावर काय गुदरलं, असं ते म्हणत. सणाच्या दिवसांत माणसं टिपणीच्या टोप्या घालून फिरू लागली; मारलं गेलंच तर निदान वाया जाऊ नये म्हणून.

पुढच्या वर्षी ज्येष्ठात कालिंदी ओवीबाईंकडे आली. ती वाळली होती, पण बोलणं शांत होतं.

"रावीचा भावलेख घेतलाय डॉक्टरीणबाईंनी," ती म्हणाली. "ती पलंगाखाली जाते तेव्हाचा. मला तो एका पोरीला द्यायचाय."

"कुणाला?"

"जुईला. लकडेच्या. सात वर्षांची आहे. मुलामुलांची जुळणी लवकर होते म्हणे, दोन महिन्यांत झाली. सही करायला शिक्षक लागतो."

"कालिंदी, त्या मुलीनं काय केलंय?"

"माझ्या मुलीनं काय केलं होतं?"

"मी सही करणार नाही."

"दुसऱ्या बाईंनी केली," कालिंदी म्हणाली. "तुम्हाला नुसतं सांगायला आले. तिची आई पण तयार झाली. नाही म्हणाली असती तर गल्लीत राहू दिलं नसतं तिला."

*

नवी शाळा लोकांनी स्वतःच्या हातांनी बांधली होती. जाळायला आलेलेच विटा वाहत होते. आत प्रत्येक धर्माच्या मुलांसाठी निराळी खोली होती, आणि प्रत्येक खोलीत त्यांच्या-त्यांच्या मेलेल्यांचे भावलेख.

ओवीबाई पोचल्या तेव्हा जुई खुर्चीत बसली होती. दोन वेण्या, पांढऱ्या रिबिनी. तिची आई दाराबाहेर भिंतीकडे तोंड करून उभी होती. ओवीबाईंनी सरळ आत जाऊन मुलीला उचललं आणि त्या दाराकडे निघाल्या. बायकांनी त्यांना तिथंच गाठलं. त्यात सगळ्या गल्ल्यांतल्या बायका होत्या. कुणीतरी केस धरून मागे ओढलं, कुणी पोटात गुडघा मारला. त्यांचा हात सुटेना म्हणून एकीनं तो दाराच्या चौकटीवर ठेवून दार लोटलं. मनगट मोडल्याचा आवाज झाला, आणि मुलगी सुटली.

डॉ. उबाळे कोपऱ्यात उभ्या होत्या. आवाज थांबेपर्यंत त्या थांबल्या. मग त्यांनी पट्टी उचलली.

जुई रडत होती. कालिंदी तिच्याजवळ गुडघ्यांवर बसली, आपल्या पदरानं तिनं तिचे डोळे पुसले, सुटलेली रिबीन पुन्हा बांधली.

"मावशी, दुखेल का?" जुईनं विचारलं.

"हो," कालिंदी म्हणाली आणि तिचा हात हातात घेऊन बसली.